शब्दचर्चा : जेसिका फ्लेचरला ‘गुप्तहेर’ म्हणावे का?

प्रश्न : ‘मर्डर, शी रोट’ या जुन्या अमेरिकन मालिकेविषयीच्या एका मराठी लेखात तिची नायिका जेसिका फ्लेचर हिला ‘वृद्ध गुप्तहेर’ म्हटलेले वाचले. हे दोन्ही शब्द मला खटकले. अशा हलक्याफुलक्या रहस्यमालिकांतील उतारवयाच्या नायक-नायिकांसाठी मराठीत अधिक नेमके शब्द कोणते आहेत?

उत्तर : आधी ‘गुप्तहेर’ पाहू. ओळख लपवून शत्रूच्या गोटातील बातमी काढणारा, हा या शब्दाचा गाभा आहे. बहिर्जी नाईकांविषयी बोलताना तो अगदी नेमका बसतो. इंग्रजी डिटेक्टिव्हसाठीही आपल्याकडे तोच रूढ झाला आणि रहस्यकथांच्या वाचकांना त्यात काही वावगे वाटत नाही. तरीही जेसिकापाशी आल्यावर तो अडखळतो, कारण तिच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावरील कॅबट कोव्ह या काल्पनिक गावात राहणारी ही विधवा म्हणजे इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. पुतण्या ग्रेडीमुळे तिचे पहिले हस्तलिखित तिच्या नकळत प्रकाशकापर्यंत पोहोचते आणि ती लेखिका म्हणून प्रसिद्ध होते. ती मोटार चालवत नाही, गावात सायकलवरून फिरते आणि सारे गाव तिला नावानिशी ओळखते.

मात्र त्या शब्दातील ‘गुप्त’ बाजूला काढले की उरणारा ‘हेर’ तिच्या कामाच्या फार जवळ जातो, कारण ‘हेरणे’ या क्रियापदाने आज हेरगिरीची संगत बरीचशी सोडलेली आहे. ‘त्यांनी माझी अडचण बरोबर हेरली’, ‘बाईंनी त्या मुलातला गुण हेरला’ अशा वाक्यांत हेरणे म्हणजे इतरांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट टिपणे आणि तिचा अर्थ जाणणे. जन्मभर वर्गातील मुलांचे चेहरे वाचलेल्या शिक्षिकेचे हे कसब आहे, आणि जेसिका गुन्हेगारापर्यंत पोहोचते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या निसटत्या वाक्यावरून किंवा जागा बदललेल्या वस्तूवरून. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल याच जातीची. समोरचा संशयित आपल्या सेंट मेरी मीड गावातल्या कोणासारखा वागतो, हे तिला आठवते आणि गुंता सुटू लागतो. या पद्धतीसाठी माणसे पुष्कळ पाहिलेली असावी लागतात. म्हणून या नायिकांचे वय हे निव्वळ सजावट नसून त्यांच्या तपासाचे साधन आहे.

माझ्या मते या मालिकांचे मर्म याहूनही नेमके पकडणारा शब्द ‘चौकशी’ हा आहे. मराठीत चौकशी दोन प्रकारची असते. पोलीस करतात ती एक, आणि ‘शेजारच्या काकू तुझ्या आईची चौकशी करत होत्या’ यातली दुसरी. पहिलीत संशय आहे, तर दुसरीत आस्था आहे. जेसिकाच्या कथांत अनेकदा एखादा नातलग, जुना विद्यार्थी किंवा मित्रच खुनाच्या आरोपात अडकलेला असतो. ती त्याची आस्थेने चौकशी करायला जाते आणि त्याच ओघात, आवाज न चढवता, खुनाची चौकशी करू लागते. शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाकडे, फक्त पहिली चौकशी असते, त्यामुळे माणसे त्याच्यासमोर तोंड मिटतात आणि जेसिकाला चहाबरोबर सारे सांगून टाकतात. उतारवयाच्या व्यक्तीने ख्यालीखुशाली विचारली तर कोणी वावगे मानत नाही. तेच प्रश्न तिशीतल्या अनोळखी माणसाने विचारले तर दार बंद होईल. प्रेक्षकाला या मालिका सुखावतात त्याचे मोठे कारण मला इथे दिसते, कारण गुन्ह्याचा छडा लागत असतानाच कोणीतरी मनापासून विचारपूस करत असल्याचा दिलासाही त्यात मिळतो. म्हणून मी अशा नायिकेला ‘चौकस’ म्हणेन, ‘भोचक’ नव्हे. भोचक माणूस ऐकलेले स्वतःच्या करमणुकीसाठी वापरतो, तर चौकस माणसाला खरे काय ते कळून घ्यायचे असते.

आता ‘वृद्ध’विषयी. जेसिकाची भूमिका करणाऱ्या अँजेला लॅन्सबरी यांचा जन्म 1925 चा, म्हणजे 1984 च्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली तेव्हा त्या 58 वर्षांच्या होत्या. ‘वृद्ध’ हा शब्द तिथे जड होतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बीबीसीवर मिस मार्पल म्हणून आलेल्या जोन हिक्सन मात्र 78 वर्षांच्या होत्या, त्यांना तो चालेल. ‘प्रौढ’ वयाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण दूरचित्रवाणीच्या संदर्भात ‘प्रौढांसाठी’ म्हटले की वाचक भलतीच समजूत करून घेतो. ‘वयस्क’ लिहिताना सांभाळावे, कारण हिंदीत त्याचा अर्थ सज्ञान, वयात आलेला असा होतो आणि हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. मला ‘पोक्त’ आवडतो. त्यात वयाबरोबर आलेली समज आहे आणि थकव्याची छाया नाही.

पुरवणी प्रश्न : दर भागात खून पडत असताना या मालिकांना ‘हलक्याफुलक्या’ म्हणणे असंवेदनशील नाही का?

उत्तर : हे विशेषण मृत्यूला लागत नाही, सांगण्याच्या रीतीला लागते. या मालिकांत रक्त फारसे दिसत नाही, क्रौर्य रेंगाळत नाही आणि भाग संपण्याआधी न्याय होतो. ‘रोझमेरी अँड थाइम’ या 2003 ते 2006 मधल्या ब्रिटिश मालिकेत दोन मध्यमवयीन बागकाम करणाऱ्या स्त्रिया वाफे खणताना खुनांचा उलगडा करतात. तिथे प्रेत असते, पण त्याइतकीच फुलझाडेही असतात. (त्यांतल्या एकीची भूमिका करणाऱ्या फेलिसिटी केंडल या भारतात वाढल्या. जुहूचे पृथ्वी थिएटर शशी कपूर यांच्यासह उभारणाऱ्या जेनिफर केंडल या त्यांच्या थोरल्या भगिनी.) ‘हलकेफुलके’ या शब्दात ओझे नसल्याचा भाव आहे, म्हणून तो योग्य आहे. ‘उबदार’ आणि ‘सौम्य’ हे शब्द मी टाळेन, कारण पहिला शालीला शोभतो आणि दुसरा औषधाला.

फक्त ‘हलकेफुलके’ हा शब्द अर्धा तोडून ‘हलक्या मालिका’ असे लिहू नये. ‘हलके’ एकटे आले की हलक्या प्रतीचे, असा अर्थ डोकावतो, आणि या प्रकाराला ती अवहेलना पूर्वीपासून सोसावी लागली आहे. ‘मर्डर, शी रोट’ 12 वर्षे चालली, तिचे 264 भाग झाले, लॅन्सबरी यांना या भूमिकेसाठी अमेरिकन दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्काराची 12 नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकदाही मिळाला नाही. तेव्हा मूळ लेखातील वाक्य मी असे लिहीन : ‘जेसिका फ्लेचर ही एका हलक्याफुलक्या रहस्यमालिकेची पोक्त, चौकस नायिका आहे.’ तिचा व्यवसाय सांगायचा असेल, तर पुढे ‘लेखिका’ जोडावे.