एप्रिलच्या उन्हात लॉनवर लग्न, फुलं कुठली घ्यावी? (नाशिक)

गंगापूररोड_ताई:
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, एप्रिलचा शेवटचा आठवडा, गंगापूर रोडला लॉन घेतलंय आणि मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. बाकी सगळं मार्गी लागलं पण फुलांवर गाडी अडलीये. डेकोरेटरने मोबाईलवर फोटो दाखवले, सगळं फिकट गुलाबी आणि पांढरं, मोठाले गेंद असलेली फुलं, हायड्रेंजिया आणि पिओनी म्हणाला. बहिणीला बघताक्षणी आवडलं आणि आकडा ऐकून बाबा एकदम गप्प झाले, १ लाख ८० हजार. आमचं जेमतेम ७० पर्यंत जमेल, त्यातच हार, गजरे, गौरीहर, गाडी सगळं बसवायचंय. आजीचं म्हणणं मोगरा आणि निशिगंध नसेल तर मांडवात आल्यासारखं वाटत नाही. डेकोरेटरला बजेट सांगितलं तर तो डायरेक्ट पिवळ्या झेंडूवर आला, आणि बहीण तर मंगलाष्टकांना मामाची पिवळी अष्टपुत्री नेसणार, नंतर लाल शालू. मला एवढंच कळत नाहीये की पैसे नक्की कशावर घालायचे आणि कशावर नाही. ज्यांनी उन्हाळ्यात लग्न केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सिडकोवाली:
ताई, जरबेरा घेऊ नका, हे आधी सांगते. माझं लग्न मे मधलं, लॉनवरच होतं. एंट्रीला जरबेराची कमान केलेली, सकाळी ७ ला बघितली तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की मी आईला हाक मारून दाखवली. वऱ्हाड आलं ११ च्या सुमारास, तोवर सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या. डेकोरेटर म्हणे पाणी मारलं होतं आम्ही. पण देठ पाण्यात नसेल तर वरून पाणी मारून काय होणार. अजून अल्बम उघडला की ते पान मी पटकन उलटते. ७० हजार कमी नाहीत, नीट ठरवलं तर छान होईल तुमचं.

पंचवटीचे_फुलवाले:
आमच्या घरात आजोबांपासून हार-वेण्यांचं काम आहे, सराफ बाजाराकडच्या फुलबाजारात पहाटे माल घ्यायला जाणं लहानपणापासूनचं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी ते फोटोतलं. पिओनी हे थंड प्रदेशातलं फूल, कडक हिवाळा लागतो त्याला, आपल्याकडे आलं तर परदेशातूनच येणार आणि बर्फातल्यासारखं जपून, त्याचेच पैसे आहेत ते. हायड्रेंजिया तर पाण्याशिवाय तासभर उन्हात राहिला तरी मान टाकतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि उघडं लॉन म्हणजे ही दोन्ही फुलं तुमच्यासाठी नाहीतच, बजेट असतं तरी मी नाही म्हटलं असतं. बहिणीला ते फूल नाही आवडलेलं, तो फिकट रंग आणि भरगच्चपणा आवडलाय. तो मिळवता येतो. फिकट गुलाबी गुलाब, पांढरी शेवंती (उन्हाळ्यात कमी येते, भाव जास्त असतो, आधी सांगून ठेवा), मधे निशिगंधाच्या डबल जातीच्या काड्या, आणि मागे भरपूर कामिनीचा पाला. पाला फुलापेक्षा कितीतरी स्वस्त आणि स्टेज भरलेलं त्याच्यामुळेच दिसतं, लोक नेमकं तिथेच कंजूषी करतात आणि मग फुलं विरळ वाटतात.

आता रंग. पिवळ्या अष्टपुत्रीमागे पिवळा झेंडू लावला तर फोटोत नवरी मागच्या भिंतीत मिसळून जाते, हे मी डझनावारी लग्नांत बघितलंय. झेंडू वाईट नाही हो, उन्हात त्याच्यासारखं टिकणारं फूल नाही. पण त्याला दारात ठेवा, तोरणाला, आंब्याच्या टाळ्याबरोबर, मंडपाच्या खांबांना. नवरा-नवरी जिथे उभे राहणार तिथे मागे हिरवा आणि पांढरा. मग पिवळी पण उठून दिसते आणि लाल शालू पण, दोन वेळा डेकोरेशन बदलायची गरज नाही.

आणि पैसे कशावर घालायचे म्हणालात ना, तर अंगावरच्या फुलांवर. स्टेज लोक लांबून बघतात आणि जेवायला जातात. हार, वेणी, मुंडावळ्या हे जवळून दिसतं, हाताला लागतं, प्रत्येक फोटोत तेच येतं. दोघांच्या हारांची लांबी आधी ठरवा, कमरेच्या जरा खाली आला पाहिजे, आणि नवरदेव उंच असेल तर नवरीचा हार त्याच्या मापाने करू नका, गुडघ्यापर्यंत जातो आणि सप्तपदीला पायात येतो. गुलाबाच्या नुसत्या पाकळ्यांचा जाड हार भरपूर जड होतो, त्या उकाड्यात तासभर मानेवर वजन सहन होत नाही, मधे मधे निशिगंधाच्या कळ्या घातल्या की हलका होतो. हार आल्या आल्या झटकून, कोरड्या कापडावर १० मिनिटं ठेवा, ओला हार शालूवर गेला की डाग पडलाच म्हणून समजा. निळं, जांभळं रंगवलेलं फूल हारात अजिबात नको, तो रंग रेशमावर उतरतो.

लिली (ती मोठी, लिलियम) कुणी सुचवली तर मधले तपकिरी पुंकेसर आधी चिमटीने काढायला लावा. तो पराग साडीवर पडला तर हाताने पुसू नका, पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

दिंडोरीकर:
फुलवाले दादांनी बरोबर सांगितलं. मी शेतकरी, जानोरीच्या बाजूला आमचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे २० गुंठ्यांचं, म्हणून फक्त गुलाबापुरतं बोलतो. मोगलांच्या काळात आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे आणि आज लग्नाच्या स्टेजला लोक दुसऱ्या देशातलं फूल मागतात याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, तालुक्यात एवढा चांगला माल असताना.

एप्रिल-मे मध्ये उष्णतेमुळे कळी लवकर उघडते आणि डोकं हिवाळ्यापेक्षा लहान राहतं. म्हणून फोटोत दिसतो तेवढा मोठा गुलाब मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, त्याऐवजी संख्या थोडी वाढवा. माल आदल्या दिवशी सकाळी घ्या, लग्नाच्या दिवशी नाही. घरी आणला की खालची पानं काढायची, देठ बोटभर तिरका कापायचा आणि लगेच स्वच्छ बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात, सावलीत, पंख्याचा वारा नको. चार-पाच तास पाणी प्यायलेला गुलाब आणि गाडीतून थेट स्टेजला लावलेला गुलाब यात दुपारी १२ ला जमीन-अस्मानाचा फरक असतो. वरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, डागाळलेल्या दिसतील, त्या खराब नसतात, कळीला जपायला आम्हीच ठेवतो, लावताना काढायच्या.

अजून एक. फुलं आंब्यांच्या खोलीत ठेवू नका. लग्नघरात पेट्या उतरलेल्या असतात, पिकणाऱ्या आंब्यातून जो वायू निघतो त्याने कार्नेशन तर एका रात्रीत मिटून जातं आणि गुलाबाच्या पाकळ्या गळायला लागतात. आणि लग्नानंतर त्या गुलाबांचा गुलकंद करायचा विचार असेल तर कृपा करून नको, आमच्या फुलांवर औषधं मारलेली असतात, ती शोभेची आहेत. गुलकंदाला देशी गुलाब वेगळा.

गंगापूररोड_ताई:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल आम्ही घरीच एक प्रयोग केला. फुलबाजारातून प्रत्येकी दोन-दोन काड्या आणल्या, गुलाब, जरबेरा, शेवंती, ऑर्किड, निशिगंध, झेंडू, आणि सकाळी ९ ला पाण्याविना गॅलरीत दोरीला बांधल्या. बहीण दर तासाला जाऊन फोटो काढत होती. जरबेरा ११ वाजताच मान खाली, अगदी सिडकोवाली ताईंनी सांगितलं तसंच. गुलाबाच्या कडा १ वाजता काळपट. निशिगंधाची वरची कळी वाकली पण खालची फुलं ठीक. शेवंती आणि झेंडू ३ वाजेपर्यंत जसेच्या तसे, आणि जांभळा ऑर्किड तर हात लावला तरी टवटवीत. बहिणीने स्वतःहून हायड्रेंजियाचा विषय सोडला. डेकोरेटरला तिनेच फोन करून सांगितलं की स्टेजला पांढरं-हिरवं आणि गुलाबी.

दोन शंका राहिल्यात. ऑर्किड महाग पडेल का? आणि मोगरा १२:३५ ला नुसत्या कळ्याच असतील का, कारण आमच्या आजीला वासाचं आहे सगळं.

पंचवटीचे_फुलवाले:
प्रयोग फार चांगला केलात, आता डेकोरेटरशी बोलताना तुम्हाला कोणी फसवू शकत नाही. ऑर्किड बराचसा थायलंडहून येतो, काडीचा भाव गुलाबापेक्षा जास्त, पण त्याला भरपूर लागत नाही. जिथे देठ पाण्यात ठेवताच येत नाही तेवढ्याच जागी वापरा, म्हणजे गाडीवर आणि अंतरपाटाच्या वरच्या पट्टीला. ४० काड्यांत दोन्ही होतं.

मोगऱ्याचं असं आहे की तो पहाटे कळी असतानाच खुडतात आणि संध्याकाळी उमलतो. मुहूर्ताला तो घट्ट पांढरी कळीच असणार, आणि वेणीला तेच हवं, खोप्यावर मोत्यांची रांग बसवल्यासारखी दिसते, उमललेल्या फुलाची वेणी दुपारपर्यंत पिवळी पडते. आमची आई अजून केळीच्या सोपट्यात (खोडाच्या सालीत) वेणी बांधते, सोपट ओलं असतं त्यामुळे कळी आतून थंड राहते, दोऱ्यातल्या वेणीपेक्षा दोन-तीन तास जास्त टिकते. घरी आली की ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, बर्फाला चिकटू द्यायची नाही. वास दुपारी मंद येईल. पाठवणीच्या वेळेला, ५-६ च्या पुढे, कळ्या सुटायला लागतील तेव्हा आजींना वेणीजवळ उभं करा.

मेरी_म्हसरूळ:
उशिरा लिहितेय. डेकोरेटर फुलांचे देठ खोचायचा तो हिरवा स्पंज वापरणार का ते विचारा. तो प्लास्टिकच्या जातीचा असतो, कुजत नाही, हातात चुरला की कण सगळीकडे जातात. जाळी आणि पाण्याच्या छोट्या नळ्यांत काम होतं, थोडं जास्त कष्टाचं आहे म्हणून ते टाळतात, तुम्ही आग्रह धरा. वापरलाच तर तो पाण्यात हाताने दाबू नका म्हणावं, आपोआप बुडू द्यायचा, दाबला की मधे कोरडा राहतो आणि फूल तिथेच सुकतं.

अक्षतांऐवजी पाकळ्या उधळणार असाल तर कोरड्या ठेवा, ओल्या पाकळीवरून स्टेजवर पाय घसरतो, माझी मावशी तशी पडलेली आहे. आणि दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य गोदेत नको, दोरे, जरीच्या पट्ट्या, तारा काढून सोसायटीच्या खतखड्ड्यात द्या. आमच्या इथे मुलींनी एका लग्नाचा झेंडू गच्चीवर वाळवून दिवाळीच्या रांगोळीला वापरला होता.

गंगापूररोड_ताई:
ठरलं सगळं. झेंडू-आंब्याचं तोरण दारात, स्टेजला कामिनी, शेवंती, निशिगंध आणि दिंडोरीचा फिकट गुलाबी गुलाब, गाडी आणि अंतरपाटाला ऑर्किड, स्पंज नाही. स्टेजचे ३८ झाले, उरलेल्यातून हार, मुंडावळ्या, वेण्या, विहिणींचे गजरे, गौरीहर. दिंडोरीकर दादा, गुलाबाचं तुम्हाला मेसेज केलाय, १५ बंच लागतील, आदल्या दिवशी सकाळी बाबा स्वतः न्यायला येतील. फुलवाले दादा, तुमच्या आईंकडे केळीच्या सोपट्यातल्या दोन वेण्या आत्ताच सांगून ठेवते, एक बहिणीची, एक आजीची. आजीचा अंबाडा लहान आहे, वीतभर पुरेल.