विषय: शनिवारची बालफराळ कार्यशाळा – चकली अडली आहे, गुरुवारच्या आत सांगा

प्रेषक: बालविभाग

नमस्कार मंडळी,

कॅफेटेरिया मिळाला, पण शाळेची अट तीच: कढई नाही, उकळतं तेल नाही. गणपतीत वड्यांवरून जे झालं ते सगळ्यांना आठवत असेलच, म्हणून या वेळी मी वाद घातला नाही. मुलांचं सगळं एअर फ्रायरमध्येच करायचं.

शंकरपाळी आणि करंजी छान होतायत. चकली मात्र होत नाही. नेहमीच्याच भाजणीची, ३५० फॅरनहाइटला ठेवली. रंग सुरेख आला, पण चावायला दगड. दुधाचे दात असलेल्या मुलांना ही देता येणार नाही. गुरुवारी ओक ट्री रोडला (न्यू जर्सीतला भारतीय दुकानांचा रस्ता) जाणार आहे, त्याआधी कुठलं पीठ घ्यायचं ते ठरायला हवं.

आणि मागच्या दिवाळीत मंडळाचे सोरे ज्यांनी नेले त्यांनी कृपया परत आणावेत. चकलीची चांदणी असलेला एकच उरलाय.

---

प्रेषक: माई

अगं, भाजणीला दोष देऊ नकोस. चकली तेलात पडली की पिठातलं पाणी भराभर वाफ होऊन बाहेर पडतं, त्याचेच ते बुडबुडे. पाणी गेलेल्या जागी बारीक छिद्रं राहतात आणि चकली खुसखुशीत होते. गरम हवेत पाणी सावकाश जातं, पीठ आधी आवळतं आणि मग वाळतं. म्हणून कडक.

मोहन वाढव. चार वाट्या भाजणीला आपण अर्धी वाटी तेल घालतो, तिथे पाऊण घाल, चांगलं कडकडीत. उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेव, निवलं की कोमट पाण्याचा हात लावत भरपूर मळ. पीठ तळायच्या चकलीपेक्षा सैल हवं. पाडताना तुटत नाही इतपतच घट्ट. चकली पाडली की वरून तेलाचा हात फिरव आणि अर्ध्यात उलटून पुन्हा फिरव. ३५० पहिली पाच मिनिटंच, मग ३२० वर आण म्हणजे आतपर्यंत भाजेल.

माझा सोऱ्या मी घेऊन येईन. तो पितळी आहे, देणार नाही, मी स्वतः बसेन.

---

प्रेषक: वीज व ध्वनी

किती एअर फ्रायर लावणार आहात? मागच्या मेलमध्ये प्रत्येक टेबलाला एक असं लिहिलं होतं. ते जमणार नाही.

साधा एअर फ्रायर १,५०० ते १,७०० वॅट घेतो. आपल्याकडे १२० व्होल्ट, भिंतीवरचं सर्किट २० अँपियरचं धरलं तरी २,४०० वॅट. तीन तास सलग चालवायचं तर त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १,९२०. एका सर्किटवर एकच फ्रायर. एका भिंतीवरची चार सॉकेटं बहुतेक वेळा एकाच सर्किटवर असतात, ती चार मोजू नका. कॉफीचं मोठं भांडं आणि अँप्लिफायर एकत्र लावल्यावर नांदीतच माइक गेला होता, तसं मुलांच्या कार्यक्रमात नको.

एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. शाळेच्या माणसाला विचारून कुठलं सॉकेट कुठल्या ब्रेकरवर आहे ते मी आधी पाहून ठेवतो. माझ्या अंदाजाने तीन फ्रायर, त्याहून जास्त नाही.

---

प्रेषक: फराळ समिती

> माझ्या अंदाजाने तीन फ्रायर

मग बाकीचं घरच्या ओव्हनमध्ये करून आणा ना. एअर फ्रायर म्हणजे पंखा असलेला लहान ओव्हनच. ज्यांच्याकडे कन्व्हेक्शन (पंख्याचा) ओव्हन आहे त्यांनी शंकरपाळी आदल्या दिवशी भाजावी, एका ट्रेमध्ये फ्रायरच्या चारपाच घाण्यांचं काम होतं.

आणि एक आठवण. फराळाचं सामान दरवर्षी समिती एकत्र आणते, पावत्या खजिनदारांकडे समितीतर्फे जातात. बालविभागाने परस्पर खरेदी केली तर हिशेब जुळत नाही. तुमची यादी आमच्याकडे द्या, आम्हीही गुरुवारीच जातोय.

---

प्रेषक: बालविभाग

यादी देते, हरकत नाही. पण पीठ ठरल्याशिवाय यादी कशी देऊ? आणि सगळंच घरून भाजून आणलं तर मुलं करणार काय? मागच्या वेळी त्यांनी फक्त आकाशकंदील चिकटवले आणि फराळ ताटलीतून मिळाला. माझ्या मुलीला चकली दुकानात पिशवीत मिळते एवढंच माहीत होतं. तिने सोऱ्याची मूठ फिरवावी, वेटोळं मोडलं तर परत गोळा करावं, यासाठी तर हे सगळं चाललंय.

---

प्रेषक: कोल्हापूरकर

आमच्या घरी ही अडचण आली तेव्हा भाजणी सोडून बटर चकलीकडे वळलो. तीन वाट्या तांदळाची पिठी, एक वाटी पंढरपुरी डाळ्याचं बारीक पीठ, पाऊण वाटी लोणी मऊ करून, जिरं, मीठ, हिंग. उकड काढायची नाही, कोमट पाण्यात मळायचं. भाजणीतल्या उडीद डाळीला चिकटपणा असतो, तिचं पीठ हवेत आणखी आवळतं. डाळं आधीच भाजलेलं आणि हलकं, त्यामुळे ही चकली लहान मुलाला ओठांनी मोडता येते. तिखट घालू नका, पांढरीच छान दिसते.

शिवाय कुणी पातळ पोह्यांचा चिवडा फ्रायरमध्ये करायचं म्हणत होतं. करू नका. पोहे पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि जळतात, धूर होतो. शाळेत धूर झाला तर अलार्म वाजून सगळ्यांना बाहेर जावं लागेल. पोहे ओव्हनमध्ये पसरून २५० फॅरनहाइटवर कुरकुरीत करून आणा, वर फोडणी घाला, अगदी कमी तेलात होतो.

---

प्रेषक: माई

> भाजणी सोडून बटर चकलीकडे वळलो

ती चकली चांगली असते, पण दिवाळीची चकली भाजणीची. धणे, जिरं, चार धान्यं वेगवेगळी भाजायची, गिरणीतून आणलेल्या गरम पिठाचा वास घरभर पसरतो. मुलांना सगळं पांढरं, सौम्य, लोण्याचं देत राहिलं तर त्यांना ती चव कळणार कधी? माझी नातवंडं इथेच जन्मली, दोघंही भाजणीची चकली दह्याबरोबर खातात. हवं तर धाकट्यांना लोण्याची करा, सात वर्षांच्या वरच्यांना भाजणीचीच द्या.

अनारशांबद्दल मला वेगळा मेल आलाय, त्याचं उत्तर इथेच देते. एअर फ्रायरमध्ये अनारसा होत नाही. तो खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वर तूप उडवत तळतात. तूप असल्याशिवाय जाळी पडत नाही. ज्यांना खायचे आहेत त्यांनी माझ्याकडे यावं.

---

प्रेषक: नर्स ताई

चवीचं तुम्ही ठरवा, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली, ॲलर्जी. शाळेच्या फॉर्मवर शेंगदाणे आणि काजू वगळलेत हे सगळ्यांना माहीत आहे, तिळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. १ जानेवारी २०२३ पासून तीळ इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कायद्याने नववा मुख्य ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) आहे. आपल्या चकलीत तीळ, करंजीच्या सारणात तीळ, चिवड्यावरही तीळ. मुलांच्या सगळ्या पदार्थांतून काढून टाका, ओवा आणि जिरं पुरे. एफडीएने (इथल्या अन्न व औषध खात्याने) जानेवारी २०२५ मध्ये नारळ ट्री नटच्या (काजू, बदाम, अक्रोड वगैरे) यादीतून काढला, म्हणून करंजीत खोबरं चालेल, तरी ज्या मुलाला नारळाचीच ॲलर्जी आहे त्याच्या पालकांनी मला आधी कळवावं. फ्रायर घरून येणार असतील तर जाळ्या साबणाने घासून आणा, आदल्या दिवशी त्यात दाण्याचं काही केलं असेल तर तो फ्रायर आणूच नका.

दुसरी, चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, काजू, डाळं देऊ नये, घशात अडकतात. त्यांच्या चिवड्यात डाळं भरडून घाला.

आणि पत्रकात "शून्य तेल" छापू नका. मोहन पाऊण वाटी घातलं तर ते पोटात जाणारच. तळणीचं तेल वाचतं एवढं खरं. शंकरपाळीत साखर तितकीच राहते, फ्रायर ती कमी करत नाही. मी घरी वाटीभर साखरेच्या जागी अर्धी वाटी घालते आणि दुधात वेलची वाढवते, मुलं आवडीने खातात.

---

प्रेषक: वीज व ध्वनी

शाळेच्या माणसाशी बोललो. तीन सर्किटं मोकळी आहेत: खिडकीची भिंत, स्टेजजवळची आणि दारापाशी. स्टेजजवळ साउंड असेल, म्हणून प्रत्यक्षात दोनच. १,५०० वॅटचे आणा, १,७०० चे नको.

---

प्रेषक: करंजी टेबल

> करंजी छान होतायत

आमच्याकडे फुटतात. सारण कमी भरलं, कडा दुधाने चिकटवून कातणाने कापल्या, तरी तोंड उघडतं.

---

प्रेषक: माई

सारण गरम भरतेस का? पूर्ण निवू दे, नाहीतर आत वाफ धरते. पारीत तुपाचं मोहन घाल, रवा भिजवून तासभर ठेव. करंजीच्या पोटाला सुईने दोन टोचे मार आणि कापड झाकून ठेव, पारी वाळली की कडा सुटतात. वरून दुधाचा हात, ३२० फॅरनहाइट. पुण्याहून आलेल्या कृतीत १६० लिहिलेलं असेल ते सेल्सियस, तेच आकडे इथे लावू नका.

---

प्रेषक: बालविभाग

ठरवते, नाहीतर गुरुवार निघून जाईल.

दोन फ्रायर, दोन्ही चकलीला. खिडकीपाशी बटर चकली, सात वर्षांखालची मुलं. दारापाशी माई आणि भाजणी, मोठी मुलं. करंज्या मुलं भरतील, दुमडतील आणि घरी नेऊन भाजतील, डबा प्रत्येकाने आणावा. शंकरपाळी मुलं कापतील, भाजून समितीच्या ओव्हनमधून येतील. चिवडा कोल्हापूरकरांकडून, दाणे आणि तिळाशिवाय. तीळ कुठेच नाहीत.

समितीसाठी यादी: तांदळाची पिठी, डाळं, अनसॉल्टेड बटर, ओवा, बारीक रवा, पिठीसाखर, सुकं खोबरं. भाजणी माई घरची देतायत, ती विकत घेऊ नका.

सोरे अजून आलेले नाहीत.

---

प्रेषक: फराळ समिती

यादी मिळाली. बटर किती पाकिटं? आणि मुलांची संख्या उद्या रात्रीपर्यंत द्या, नाव न नोंदवता आलेल्यांना मागच्या वेळी पीठ पुरलं नव्हतं.

---

प्रेषक: खजिनदार

दोन सोरे माझ्या गॅरेजमध्ये सापडले, चांदणीसकट. शुक्रवारी देवळात भेटा, देतो.