विषय: मतदार नोंदणीचं पत्र आलंय, आणि एमपीकडे असलं काम न्यायचं का?

प्रेषक: हॉलिंगडीनचा नवा मेंबर

सगळ्यांना नमस्कार,

मी आणि बायको मार्चमध्ये पुण्याहून इथं ब्रायटनला आलो, हॉलिंगडीनला भाड्यानं राहतो, काही जणांची पाडव्याच्या कार्यक्रमात ओळख झाली होती. काल कौन्सिलकडून पत्र आलं, घरात मतदानाला पात्र कोण कोण आहे ते कळवा म्हणून. आमचे पासपोर्ट भारतीय आहेत आणि मी वर्क व्हिसावर आहे, त्यामुळे हे आधीच्या भाडेकरूचं असेल असं वाटतंय. ऑफिसमधला एक जण म्हणाला तुम्हालाही मत देता येतं, पण माझा विश्वास बसला नाही.

दुसरं म्हणजे बायकोच्या कागदपत्रांचं एक काम आम्ही आल्यापासून अडकलंय, फोनवर कुणी नीट काही सांगत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या एमपीला लिहा. असल्या घरगुती कामासाठी खासदाराला लिहितात का इथं? ओळख लागते का कुणाची? माहीत असेल त्यांनी सांगा प्लीज.

---

प्रेषक: प्रेस्टन पार्कची ताई

अरे पत्र तुमचंच आहे, फेकू नकोस. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथं कायदेशीर व्हिसावर राहत असेल तर त्याला मतदानाचा पूर्ण हक्क आहे, कौन्सिलच्या निवडणुकीतसुद्धा आणि पार्लमेंटच्यासुद्धा, आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. स्टुडंट व्हिसा असला तरी चालतं. फ्रेंच किंवा जर्मन शेजाऱ्याला पार्लमेंटचं मत नाही पण तुला आहे, हे आपल्या कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं, म्हणून सगळ्यांना कळावं असं लिहितेय. ऑनलाइन फॉर्म भरा दोघांनी वेगवेगळा, बायकोचं नाव तिनंच भरायचं. मतदानाला फोटो आयडी लागतो, भारतीय पासपोर्ट चालतो. यादीत नाव असलं की क्रेडिट रेकॉर्डलाही मदत होते, घर घ्यायच्या वेळी कळेल.

एमपीबद्दल. हॉलिंगडीन ब्रायटन पॅव्हिलियन मतदारसंघात येतं, खासदार शान बेरी, ग्रीन पार्टीच्या. त्यांच्या आधी २०१० ते २०२४ कॅरोलाइन लुकस होत्या. ओळख वगैरे काही लागत नाही. तू त्यांच्या मतदारसंघात राहतोस एवढंच पुरे, मत दिलंस की नाही, कुणाला दिलंस हे कुणी विचारत नाही. खासदार ठरलेल्या वेळी लोकांना भेटतात त्याला सर्जरी म्हणतात, अपॉइंटमेंट घ्यावी लागते. ईमेल केलास तरी ऑफिसमधले लोक केस उघडतात, आणि सरकारी खात्यांकडे खासदारांसाठी वेगळी चौकशीची सोय असते, तिथून निदान फाइल कुठं आहे ते तरी कळतं. निर्णय फिरवून देतील असं समजू नकोस, तेवढं त्यांच्या हातात नसतं, पण उत्तर मिळतं. जा बिनधास्त.

---

प्रेषक: पॅचमचे काका

ताईंनी नोंदणीचं सांगितलं ते बरोबर, फॉर्म जरूर भरा. पण ग्रीन म्हणजे सगळं छान असं नव्या मुलांना सांगू नये असं माझं मत आहे. मी इथं १९९८ पासून आहे. २०१३ च्या जूनमध्ये कचरा रस्त्यावर साठला होता तो मी पाहिलाय, कौन्सिल ग्रीनच्याच हातात होती आणि सफाई कामगार भत्त्यांवरून संपावर होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या आय-३६० या पर्यटकांच्या टॉवरला कौन्सिलनं ३६ दशलक्ष पौंडांचं कर्ज दिलं, त्यालाही ग्रीनचा पाठिंबा, ते पुढं बुडालं हे सगळ्यांना माहीत आहे. लोकांनी २०२३ ला कौन्सिलमध्ये त्यांना सात जागांवर आणलं ते उगीच नाही.

आणि खासदारकीचं म्हणाल तर ६५० जणांच्या सभागृहात १४ वर्षं ग्रीनची एकटीच बाई, लुकस, बसली होती. एकटीनं काय होणार? शेवटी मत वायाच की. नंतर आल्या त्या शान बेरी, त्या लंडनच्या, मे २०२४ ला लंडन असेंब्लीवर निवडून आल्या आणि चार दिवसांत राजीनामा देऊन इकडं उभ्या राहिल्या. मला हे पटलं नाही. मी लेबरचा मतदार आहे हे लपवत नाही.

---

प्रेषक: प्रेस्टन पार्कची ताई

काका, बेरींच्या राजीनाम्याबद्दल तुमच्याशी वाद नाही, तो लंडनच्या मतदारांवर अन्यायच होता असं मलाही वाटतं. पण बाकीच्याबद्दल मला लिहायलाच हवं, जरा लांबेल, वाचा.

कचरा कौन्सिलचा, आय-३६० कौन्सिलचा. लुकसबाई कौन्सिलमध्ये नव्हत्या. आणि त्या २०१३ च्या संपात त्या कुणाच्या बाजूनं होत्या ते आठवा, त्या कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आपल्याच पक्षाच्या कौन्सिलच्या विरोधात, उघडपणे. पक्षाला ते किती झोंबलं असेल. पण पगार कमी होणारी माणसं त्यांच्या मतदारसंघातली होती, मग त्यांनी दुसरं काय करायचं?

एकटीनं काय होणार म्हणता. मी त्यांचं पार्लमेंटमधलं काम बऱ्यापैकी फॉलो केलंय म्हणून सांगते. मोठ्या पक्षाच्या खासदाराला कुठल्या ठरावावर कसं मत द्यायचं ते व्हिप सांगतो, एकट्या खासदाराला सांगणारं कुणी नाही, मतदानाची घंटा वाजली की आठ मिनिटांत मतदानाच्या लॉबीच्या दारात पोचायचं आणि त्याआधी विधेयक आपलं आपण वाचून ठरवलेलं असलं पाहिजे, मग ते मासेमारीचं असो की पेन्शनचं. पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा तर नाव चिठ्ठीत निघावं लागतं, विरोधी पक्षनेत्याला दर बुधवारी सहा प्रश्न ठरलेले असतात तसं काही नाही. स्वतःचं विधेयक मांडायचं म्हटलं तर शुक्रवारी, आणि तिथं कुणी अडीच वाजेपर्यंत बोलत राहिलं तर ते तिथंच संपलं. एवढ्या अडचणींतून काम करायचं म्हणजे दुसऱ्या पक्षातली माणसं जोडल्याशिवाय काही होतच नाही, आणि त्यांनी नेमकं तेच केलं.

शाळेतल्या नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षणाचंच घ्या. ते सगळ्या शाळांना सक्तीचं करा म्हणून त्यांनी विधेयक आणलं, पास झालं नाही, परत आणलं, परत नाही. पण लेबर आणि टोरी (कॉन्झर्व्हेटिव्ह) दोन्हीकडच्या बायका-पुरुष खासदारांनी विषय लावून धरला आणि २०१७ ला सरकारनंच कायद्यात घेतलं, २०२० च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या शाळांत सुरू झालं. आपल्या मंडळातली मुलं आज तो तास करतात. श्रेय एकट्या त्यांचं नाही, त्यांनी तसं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण विषय मरू दिला नाही तो त्यांनी. रेल्वे परत सरकारी मालकीत आणायचं विधेयक त्यांनी २०१३ ला मांडलं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्याच लेबर सरकारनं तो कायदा केला, काका. २०१६ ला आपल्या मेनलाइनवर गाड्या रोज रद्द व्हायच्या ते तुम्हीही भोगलंय.

हरल्याही आहेत. स्वच्छ हवा हा माणसाचा हक्क मानणारं विधेयक वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, त्यांच्याच पक्षाच्या जेनी जोन्सनी २०२२ ला पास करून घेतलं, खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, लुकसबाईंनी घेतलं आणि तिथं ते अडलं. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, निसर्ग-इतिहास हा विषय २०२२ मध्ये जाहीर झाला, त्यामागं मूळ मोहीम लेखिका मेरी कोलवेलची, लुकसबाईंनी पार्लमेंटमध्ये साथ दिली, पण शाळेत पोचेपर्यंत वर्षं जातायत. हे सांगतेय कारण मला त्यांना देव करायचं नाहीये.

आणि बाल्कम. आपण सगळे लंडनला जाताना त्या स्टेशनवरून जातो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथं तेलासाठी ड्रिलिंग चालू होतं, फ्रॅकिंगच्या, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल-गॅस काढण्याच्या, भीतीनं गावकरी रस्त्यावर बसले होते, लुकसबाईही जाऊन बसल्या आणि पोलिसांनी उचलून नेलं. निवडून आलेली खासदार, अटक, खटला. पुढच्या एप्रिलमध्ये ब्रायटनच्या कोर्टात निर्दोष सुटल्या. आमच्या रस्त्यावर तेव्हा दोन तट पडले होते, कायदे करणाऱ्यांनी कायदा मोडायचा का म्हणून. माझं मत तेव्हाही हेच होतं की आधी पार्लमेंटमध्ये सगळं बोलून झालं होतं, सरकार ऐकत नव्हतं, मग लोकांसोबत बसणं हे त्यांचं कामच होतं. २०१९ ला सरकारनं इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग थांबवलं. बाल्कमच्याच वर्षी, म्हणजे २०१३ च्या जूनमध्ये, वृत्तपत्राच्या पान तीनवरच्या उघड्या मुलींच्या फोटोंविरुद्ध टी-शर्ट घालून त्या चर्चेला उभ्या राहिल्या तर अध्यक्षांनी तो झाकायला सांगितला, आणि त्यांनी विचारलं की हाच पेपर याच इमारतीत आठ ठिकाणी विकत मिळतो त्याचं काय. मला आजही ते आठवलं की बरं वाटतं.

आता मुख्य. हे सगळं त्यांना करता आलं कारण इथं खाली पाया होता. ग्रीनचा पहिला नगरसेवक ब्रायटनला १९९६ ला आला, २००५ च्या पार्लमेंट निवडणुकीत ग्रीनचे कीथ टेलर तिसरे आले पण २२ टक्के मतं घेऊन. मग २०१० ला बाई १,२५२ मतांनी आल्या, फक्त तेवढ्या. २०१५ ला ७,९६७, २०१७ ला १४,६८९, २०१९ ला १९,९४०. काका म्हणतील लिबडेम (लिबरल डेमोक्रॅट) उभे नव्हते, बरोबर आहे, २०१७ आणि २०१९ ला नव्हते, पण २०१५ ला होते ना. ही मतं हवामानाच्या भाषणांनी वाढत नाहीत. घराला बुरशी आलेली बाई, भत्ता बंद झालेला माणूस, व्हिसा अडकलेलं कुटुंब, यांना कुणी तरी उत्तर दिलं म्हणून वाढतात. आमच्या गल्लीत कट्टर टोरी आजोबा होते, त्यांचं कसलंसं काम लुकसबाईंच्या ऑफिसनं केलं, तेव्हापासून त्या बाईंना काही बोलायचं नाही असं ते दम देऊन सांगायचे.

आणि याची किंमतही त्यांनीच सांगितली. जून २०२३ ला परत उभी राहणार नाही म्हणून जाहीर केलं त्या पत्रात लिहिलं होतं की मतदारसंघाचं काम आणि पक्षाची एकटी खासदार असल्याचा भार यामुळे हवामान आणि निसर्ग या ज्या कामासाठी आपण राजकारणात आलो त्याला हवा तेवढा वेळ देता येत नाही. मी ते वाचून खूप वेळ अस्वस्थ होते. पण मला वाटतं मतदारसंघाचं काम केलं नसतं तर पार्लमेंटमध्ये त्यांना कुणी विचारलंही नसतं, दोन्ही एकच काम होतं. २०२४ ला निदान चार खासदार निवडून आले, ब्रायटन, ब्रिस्टल, सफक-नॉरफकची वेव्हनी व्हॅली आणि नॉर्थ हेरफर्डशर, विषय वाटून घेता येतात.

---

प्रेषक: होव्हची मेंबर

ताई, मेल पूर्ण वाचली. एक प्रॅक्टिकल गोष्ट फक्त, नवीन लोकांचा घोटाळा होतो म्हणून. मी होव्हला राहते, माझे खासदार वेगळे, लेबरचे पीटर काइल. ग्रीन आवडतात म्हणून मी शान बेरींकडे केस नेली तर त्या घेणार नाहीत, एक खासदार दुसऱ्याच्या मतदारांच्या केस घेत नाही असा इथला नेम आहे. पोस्टकोड टाकून आधी आपला मतदारसंघ बघा. मुलाच्या शाळेच्या बसचं, कचऱ्याचं, पार्किंगचं असेल तर नगरसेवक. व्हिसा, पेन्शन, टॅक्स, सरकारी भत्ते असतील तर खासदार. आमच्या काइलसाहेबांच्या ऑफिसनंही माझ्या सासूबाईंच्या वेळी छान मदत केली होती, त्यामुळे हे फक्त ग्रीनचंच वैशिष्ट्य असं नाही.

---

प्रेषक: पॅचमचे काका

ताई, रेल्वेचं मान्य. संपात त्या कामगारांकडे होत्या हेही मान्य, ते मला माहीत होतं, लिहायला हवं होतं मी. पण एक प्रश्न उरतोच. २०१५ ला देशभर ग्रीनला अकरा लाखांहून जास्त मतं पडली आणि जागा एक. बाकीच्या मतदारांनी काय करायचं? ही पद्धत बदलल्याशिवाय पॅव्हिलियनमध्ये राहणाऱ्यांनाच ग्रीन खासदार मिळणार, वर्दिंगच्या माणसाला नाही. प्रमाणशीर मतदान आणा असं त्या म्हणायच्या, त्यात मी त्यांच्यासोबत आहे, आमच्या पक्षाच्या मीटिंगमध्ये मी हे बोलतोही आणि वरचे ऐकत नाहीत.

नव्या मेंबरनं रविवारी घरी यावं, बायकोला घेऊन. पॅचमच्या वर डोंगरावर छत्री आहे, पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथं अग्नी दिला, त्यांचं स्मारक. चालत जाऊ, पाऊस नसला तर.

---

प्रेषक: हॉलिंगडीनचा नवा मेंबर

ताई, काका, होव्हच्या वहिनी, सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्म दोघांचेही भरले. पोस्टकोड टाकून पाहिला, पॅव्हिलियनच आहे. एमपीच्या ऑफिसला ईमेल करायला बसलोय, त्यात नक्की काय काय लिहू? आणि काका, रविवारी नक्की येतो.

---

प्रेषक: प्रेस्टन पार्कची ताई

पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट सगळ्यात वर, नाहीतर ते आधी तेवढंच विचारत बसतात. अर्जाचा रेफरन्स नंबर, अर्ज कधी केला, कधी कधी फोन केला त्या तारखा, कोण काय म्हणालं. अर्ज बायकोच्या नावावर आहे म्हणून तिची लेखी परवानगी लागेल, तिच्याच ईमेलवरून पाठवलंत तर सगळ्यात सोपं. गोष्ट थोडक्यात लिही, एका पानाच्या आत, आणि शेवटी तुम्हाला नक्की काय हवंय ते एका वाक्यात. आज रात्री ड्राफ्ट मला पाठव, मी बघून देते.