बीनबॅग आणल्या, पण बसणार कोण?

कंपनीने बीनबॅग, कॅरम, कॉफी मशीन टाकून 'मोकळा कोपरा' केला तरी तिकडे कोणी का फिरकत नाही, असं एकाने विचारलंय. आधी तो कोपरा कुठे आहे ते सांगा. माझ्या एका जुन्या ऑफिसात तो मॅनेजरच्या काचेच्या केबिनसमोरच होता. जरा टेकलं की आतून मान वर व्हायची. कॅरमच्या पावडरचा डबा शेवटपर्यंत सीलबंदच राहिला.

खऱ्या गप्पा व्हायच्या आयटी पार्कच्या रस्त्यावर, तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी. नवा टेस्टर पोरगा आणि प्रोजेक्ट लीड शेजारी-शेजारी उभे, तर्री शर्टावर सांडू नये म्हणून दोघंही प्लेटवर वाकलेले. मीटिंगमध्ये मूग गिळून बसणारा तोच पोरगा तिथे बिनधास्त सांगायचा, "सर, हे रिलीज काही टिकत नाही."

भिंती पाडूनही भागत नाही बरं. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी 2018 मध्ये दोन कंपन्यांची ओपन ऑफिसं मोजून बघितली, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलेलं आणि ईमेल वाढलेले. सगळ्यांच्या नजरेत असलं की माणूस हेडफोन लावतो, दुसरं काय!

एचआरला सांगून बघा: कोपरा केबिनपासून लांब, पाण्याच्या कूलरजवळ हलवा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की ठेल्यावर कोण जातं? पाण्यासाठी मात्र साहेबही उठतात. तिथे दोन बाकडी टाका, अन् 'फन फ्रायडे'ची सक्ती तेवढी बंद करा.