टेलिग्राम बॉटचा लांबलचक मेसेज कसा तोडावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांसाठी पायथनमध्ये टेलिग्राम बॉट (आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम) लिहितोय. रोजचे भाव पाठवायचे, बस. गावं वाढली तसा मेसेज ४०९६ अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेला आणि पाठवणंच थांबलं.

मग सरळ ४००० वर कापला. तर 'फैजपूर'मधला 'फ' एका मेसेजात आणि मात्रा दुसऱ्यात! ठळक अक्षरांचा टॅग (मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी लावायची खूण) मध्येच तुटला की टेलिग्राम अख्खा तुकडा नाकारतो, ते वेगळंच.

आता ओळ संपते तिथे तोडतोय. पण टॅग दोन-तीन ओळींवर पसरलेला असेल तर? तो बंद करून पुढच्या तुकड्यात पुन्हा उघडणारी तयार लायब्ररी (आयता कोड) आहे का, की हातानेच लिहू? फाइल पाठव म्हणू नका भाऊ, बागेत उभं राहून फाइल कोण उघडतं!