घरगुती फोन सर्व्हर: रास्पबेरी पाय हा छोटा बोर्ड-संगणक घेऊ की सरळ आय-फाइव्हचा पीसी?

गोठ्यातला_वायरमन:
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ आमचं दोन मजली घर, मागे गोठा, पलीकडे काकांचं घर. वायफाय सगळीकडे पोचतंय. हाका मारून आईचा घसा बसतो, म्हणून घरातल्या घरात फोन टाकायचेत. अ‍ॅस्टरिस्क (संगणकाचं फोन एक्स्चेंज करणारं सॉफ्टवेअर), सहा एक्स्टेन्शन. पुण्याच्या ताईचा मोबाइलही त्यातच हवा. आजोबांचा काळा चकतीचा फोन वाजला तर सोन्याहून पिवळं! बजेट दहा हजार.

तारतम्य:
आय-फाइव्ह कशाला? जी.७११ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला एका दिशेने ६४ केबीपीएस, पॅकेटचं ओझं धरून ८७च्या आसपास. तुमचे सहाही जण एकदम बोलले तरी पाय ४ आरामात झेपवेल. प्रोसेसर दमतो तो कोडेक बदलताना, म्हणजे एका टोकाला ओपस आणि दुसऱ्याला जी.७११ असलं की. सगळीकडे एकच कोडेक ठेवा.

एसडी_कार्डाचा_बळी:
पाय घ्या, पण एसडी कार्डावर चालवू नका. अ‍ॅस्टरिस्क सतत लॉग (नोंदी) लिहितो, त्यात आमच्याकडे दिवसातून चारदा लाइट जायची. दुसऱ्या पावसाळ्यात कार्ड गेलं, आणि बॅकअप होता त्याच कार्डावर (हसू नका). यूएसबीला एसएसडी लावा.

तारतम्य:
फ्रीपीबीएक्सचा पडदा (अ‍ॅस्टरिस्क ब्राउझरमधून चालवायची सोय) हवा असेल तर मात्र पाय नको. १७वी आवृत्ती डेबियन १२ वर आहे, आणि तिचा अधिकृत इन्स्टॉलर ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीच. नुसत्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली हाताने लिहायची तयारी आहे का? नसेल तर जुना थिन क्लायंट (ऑफिसात वापरतात तो छोटा पीसी) बघा, डेल वाइज ५०७० किंवा एचपी टी६२०. पंखा नाही, आवाज नाही. पुण्याला जाणं झालं तर तापकीर गल्लीत चौकशी करा.

एसडी_कार्डाचा_बळी:
फक्त अ‍ॅडॉप्टर बघून घ्या. थिन क्लायंटला १९.५ व्होल्ट लागतात, राउटरच्या १२ व्होल्टवाल्या छोट्या यूपीएसवर तो चालणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच मिटला.

गोठ्यातला_वायरमन:
इन्व्हर्टर आहे. फायली लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही, तेव्हा थिन क्लायंटच. चकतीच्या फोनचं काय? आणि लँडलाइनही यातच घेऊ का, म्हणजे ताईला तिथून गावात फोन लावता येतील?

तारतम्य:
फोनला ग्रँडस्ट्रीम एचटी८०१ हा अ‍ॅडॉप्टर घ्या आणि त्यात पल्स डायलिंग (चकतीचे ठोके ओळखणं) चालू करा. एफएक्सएस पोर्टच हवा, तो साधा फोन जोडायला. एफएक्सओ असतो बाहेरची लाइन आत घ्यायला. लँडलाइनच्या वाटेला मात्र जाऊ नका. इंटरनेटवरचा कॉल परवान्याशिवाय सार्वजनिक फोनजाळ्यात सोडणं आपल्याकडे बेकायदा आहे. ताईसाठी टेलस्केल (खासगी व्हीपीएन) टाका, म्हणजे सीजीनॅटची (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता) कटकट नाही आणि राउटरवर कॉल जुळवणारा ५०६० पोर्ट उघडायची गरजही नाही. तो उघडा ठेवलात तर रात्रभर कुठकुठले बॉट पासवर्ड ठोठावत बसतात.

गोठ्यातला_वायरमन:
ठरलं तर. आजोबांना सांगितलं, ते चकती तेल घालून पुसतायत.

एसडी_कार्डाचा_बळी:
तेल नको हो! आधी फोन उघडून आतले संपर्क साफ करा.