विश्वामित्रीची पूररेषा: पावसाच्या वहीवरून की पुलाखालच्या पाण्यावरून?

मांडवीकर: बडोद्यातल्या विश्वामित्री नदीची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढू शकतं ती रेषा, पावसाच्या नोंदींवरूनच काढावी. दर वर्षीचा एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस उतरत्या क्रमाने लावा. वर्षांच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागलं की पुनरावृत्तिकाळ मिळतो, म्हणजे तेवढा पाऊस सरासरी किती वर्षांतून एकदा येतो ते. पुढे गम्बेल, म्हणजे टोकाच्या दुर्मिळ आकड्यांचा अंदाज बांधणारं संख्याशास्त्रातलं सूत्र. समजा ३० वर्षांची सरासरी १४० मिमी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) ६५. १०० वर्षांसाठी गुणक ३.६५; त्याने विचलनाला गुणून सरासरीत मिळवलं की ३७७ मिमी. नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ असते आणि साडेआठच्या आगेमागे कोसळलेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो, म्हणून १.१३ ने गुणायला विसरू नका.

कोतरकाठ: आता त्याच वहीत ३१ जुलै २०१९ चा ४९९ मिमी घाला. सरासरी १५२, विचलन ९१, उत्तर ४८२! एका दिवसाने १०५ मिमी सरकणारी रेषा नकाशावर आखायची कशी? शिवाय १०० वर्षांचा पाऊस म्हणजे १०० वर्षांचा पूर नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसाचा पाऊस २०१९ पेक्षा कमी होता, तरी पाणी ३५ फुटांपुढे गेलं. जूनमध्ये काळ्या मातीच्या भेगा पाऊस पिऊन टाकतात. ऑगस्टअखेर जमीन तुडुंब, वरच्या अंगाचा आजवा तलाव काठोकाठ. म्हणून नदीवरच्या काला घोडा पुलाजवळची पाण्याची पातळीच घ्या.

मांडवीकर: पातळी तरी कुठे निर्मळ आहे? कोतरं (काठच्या घळी) बुजवली, काठ दाबले, त्यामुळे तेवढाच प्रवाह आज जास्त उंच चढतो. जुने आणि नवे फूट एका यादीत बसत नाहीत. त्यात आजव्यातून सोडलेलं पाणी. निम्मा निसर्ग, निम्मा हुकूम. त्यावर गम्बेल कसला चालवता?
एक मात्र कबूल, शहरातलं एकच पर्जन्यमापक पुरत नाही. नदी पावागडाकडून येते, तिकडच्या केंद्रांना क्षेत्रफळाप्रमाणे वजन द्यायलाच हवं.

पाणलोट: अहो, संभाव्यता शेवटी लावा ना, सुरुवातीला कशाला? सगळ्या वर्षांचा पाऊस जसाच्या तसा घ्या, जमिनीतल्या ओलाव्याचा रोजचा हिशेब ठेवा, आजव्याला आजचे नियम लावा, पात्राचे छेद (रुंदी-खोलीची मापं) आजचे घ्या आणि पाणी पुलापर्यंत आणा. मग निघालेल्या वार्षिक कमाल पातळ्यांवर गम्बेल चालवा. विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी फुगलेली असली की विश्वामित्रीचा निचरा तुंबतो, म्हणून खालच्या टोकाची पातळीही द्यावी लागते. खरी गोची तासांची आहे. जुन्या नोंदी दिवसाच्या. तोच पाऊस सहा तासांत ओतला की चोवीस तासांत पसरला, यावर पुराचा माथा बदलतो. किमान तीन वाटण्या करून बघा.

कोतरकाठ: हे पटलं. पण मग रेषा नको, पट्टा छापा. आणि पाटीवर ‘शंभर वर्षांतून एकदा’ लिहू नका. घर घेणाऱ्याला वाटतं, २०१९ झालं, आता थेट २११९. दर वर्षी १ टक्का धरला तर ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता २६ टक्के होते.

मांडवीकर: ते २६ ही तुमच्या पट्ट्याच्या मधल्या रेषेचे. खालच्या कडेला घर असेल तर आकडा चढेल, तोही छापा.